तळ्यात जहाज एक

आमचे सोलापूरचे घरमालक रोज सकाळी पाणी मोजत. अंगणातल्या दगडी हौदात खुणा केलेली एक पट्टी उभी करायची, वाकून ओली रेघ बघायची आणि भिंतीवर खडूने आकडा लिहायचा. मग पट्टी पुसून खुंटीला अडकवायची. हौद आमच्या दोन घागरींनी आणि त्यांच्या एका बादलीने जेवढा उतरायचा तेवढाच उतरायचा. त्यात रोज लिहून ठेवण्यासारखं काय आहे, असं मी एकदा त्यांना विचारलं.

"बाई, पाणी उगंच उतरत न्हाय," ते म्हणाले. "कुटं गेलं ते म्हाईत नसलं तरी गेलं एवडं तरी लिवायला पायजे की."

आयुष्यभर त्यांनी हेच काम केलं होतं. शहराच्या उत्तरेला हिप्परग्याचा मोठा तलाव आहे. तिथे बांधालगत फुटा-इंचांच्या खुणांचा दगडी खांब होता. दिवसातून दोनदा त्या खांबावरची पाण्याची पातळी वाचायची, वारा कुठला ते बघायचं आणि रजिस्टरात भरायचं, ही त्यांची सरकारी नोकरी. सारखं वाकून बघण्याने की काय, उंचापुरा माणूस कमरेतून कायमचा पुढे झुकलेला होता. अंगात खाकी कोट, गळ्यात तुळशीची माळ. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. तुळजापूर वेशीजवळच्या त्यांच्या माळवदाच्या घरात पुढच्या दोन खोल्या त्यांनी आम्हाला भाड्याने दिल्या होत्या. आम्हाला म्हणजे मला आणि माझ्या आईला.

आम्ही मालवणकडच्या. माझे वडील तांडेल होते. गलबत घेऊन मंगळुरापर्यंत जायचे. मी अकरा वर्षांची असताना कार्तिकातल्या एका वादळात त्यांचं गलबत गेलं. फळी नाही, शीड नाही, सात माणसांतलं एकही माणूस नाही. काहीच किनाऱ्याला लागलं नाही. इतर सहा घरांनी रडून घेतलं. माझ्या आईने रडायला नकार दिला. कोणी काही बघितलंय का, असं ती विचारायची, आणि समोरचा गप्प बसला की कपाळावरचं कुंकू आणखी ठसठशीत लावायची. मी मिशनच्या शाळेत शिकले, पुढे ट्रेनिंग केलं, आणि मास्तरणीची नोकरी निवडायची वेळ आली तेव्हा नकाशा पुढे घेऊन समुद्रापासून लांबचं गाव शोधलं. सोलापुरात मुलींच्या शाळेत जागा मिळाली. शहरातला लष्करी कायदा उठून तेव्हा दीडेक वर्ष झालं होतं. गिरण्यांचे भोंगे, पाठीमागच्या गल्लीतल्या तेलुगू विणकरांच्या मागांची खटखट, आणि बाराही महिने उडणारी धूळ. मला ते सगळं फार आवडलं. आईला इथे तरी विसर पडेल, असं मला वाटत होतं.

आणि घरमालकांच्या परसात, पत्र्याच्या शेडमध्ये, एक जहाज उभं होतं.

पहिल्या दिवशी ते मला दिसलं तेव्हा मी दारातच थांबले. सव्वाचार फूट लांबीचं, तीन डोलकाठ्यांचं, पुढे चोचीसारखी लांब आणि सखल नाळ असलेलं लढाऊ जहाज. बाजूला तोफांची भोकं, त्यांत तांबटाकडून ओतून आणलेल्या बोटभर तोफा. कडेचे कठडे, पाण्याची पिंपं, नांगर, सगळं काही मापात. बाभळीच्या वाकड्या फांद्या निवडून आतल्या फासळ्या केलेल्या, वर सागाच्या चिंचोळ्या फळ्या जडवलेल्या. शिडांचं कापड पाठीमागच्या विणकराकडून खास पातळ विणून घेतलेलं. नऊ वर्षं ते काम चाललं होतं आणि अजून पुरं व्हायचं होतं.

"तुम्ही कोकणात कुठे होता?" मी विचारलं.

"मी? मी अक्कलकोटाच्या पल्याड गेलो न्हाय, बाई. तुमी दर्याकडच्या न्हवं? बरं झालं. मला लई इचारायचंय."

"मला त्यातलं काही कळत नाही," मी म्हटलं आणि घरात आले. ते खोटं होतं.

त्यांच्या तऱ्हा मग हळूहळू कळत गेल्या. शेडमधून बाहेर येताना ते उलट्या पावलांनी येत, जहाजाकडे तोंड करून. दार लावून घेईपर्यंत पाठ फिरवत नसत. जेवताना भाताचं शेवटचं शित उचलायच्या आधी थांबून काहीतरी ऐकत. कुणी रस्त्यावरून हाक मारली, मग ती कुणालाही असो, तरी उठून ओ देत. "आपल्याला न्हसंल, पर ओ दिलेली बरी," असं म्हणत. दर अमावास्येला पायी तलावावर जात आणि दिवस कलायच्या आत परत येत. काय बघून आलात विचारलं तर म्हणत, "काय न्हाय. म्हंजे आज काय न्हाय."

मुलांच्या हायस्कुलातले इतिहासाचे एक शिक्षक माझ्या ओळखीचे झाले होते. त्यांना मी एकदा घरी बोलावून ते जहाज दाखवलं. ते बराच वेळ चष्मा वर-खाली करत भोवती फिरले. मग खाली उकिडवे बसून नाळेकडे बघत राहिले.

"ही गुराब आहे," ते म्हणाले. "मराठ्यांच्या आरमारातली. दोनशे वर्षांपूर्वीची. आता असं जहाज कुठेच शिल्लक नाही. एका जुन्या पुस्तकात एवढंसं चित्र आहे, त्यात ह्याच्या निम्मंही दिसत नाही. मालक, तुम्ही कुठल्या पुस्तकात बघितलंत?"

"पुस्तकात न्हाय."

"मग कुठे?"

"तळ्यात," मालक म्हणाले.

शिक्षक हसले. मालक हसले नाहीत. त्यांनी आम्हाला समोरच्या बाकावर बसवलं आणि हौदाची पातळी सांगावी तशा आवाजात सगळं सांगितलं.

मार्गशीर्षातली दुपार होती. वारा पडलेला. दुपारची पातळी वाचायला ते बांधावर गेले, वाकून आकडा बघितला, आणि मान वर केली तर तळ्याच्या मधोमध हे उभं. हलत नव्हतं. शिडं लोंबत होती. बांधाच्या दगडांवर शंभर-शंभर फुटांच्या खुणा होत्या, त्यांच्याशी जुळवून त्यांनी सवयीने लांबी काढली. नंतर त्याच मापावरून, फुटाला अर्धा इंच धरून, हे बांधलं. जहाजावर माणसं होती. कठड्याला धरून रांगेने उभी होती आणि बांधाकडे बघत होती.

"त्यातल्या दोगा-तिगांनी हात वर केला," मालक म्हणाले. "हाक मारत व्हती. तोंड उघडलेलं दिसायचं, पर आवाज येत न्हवता. आता मी काय करायला पायजे व्हतं? ओ द्यायला पायजे व्हती का न्हाय? मी पाठ केली आन् बसलो रजिस्टर लिवायला. नोंद झाली पायजे, दुसरं काय सुचलंच न्हाय. लिवून झाल्यावर बघतो तर पाणी रिकामं."

रजिस्टरात त्यांनी लिहिलं होतं: पातळी अमुक, वारा नाही, तळ्यात जहाज एक. महिनाअखेर ओव्हरसियरने त्या ओळीखाली तांबड्या शाईने 'मद्यपान?' असं लिहिलं. माळकरी माणूस! साहेबांनी बोलावून समजुतीच्या सुरात सांगितलं, ती ओळ खोडा, विषय मिटला. ह्यांनी खोडली नाही. "दिसलं ते लिवायचं, पटलं का न्हाय ते मागनं," असं म्हणून त्यांनी रजिस्टर टेबलावर ठेवलं आणि घरी आले ते परत कामावर गेलेच नाहीत.

शिक्षक उठताना मला हळूच म्हणाले, "भाडं कमी असलं तरी दुसरी जागा बघा."

जागा बघायला हवी होती, पण तोवर आईच शेडमध्ये जाऊ लागली होती. तिला सोलापुरात कुणाशी बोलता येत नसे. शेजारणी तेलुगू, भाजीवाली कानडी मिसळून बोलणारी, आणि तिची मालवणी ऐकून दोघी हसायच्या. एका दुपारी शाळेतून आले तर आई शेडमध्ये जमिनीवर मांडी घालून बसलेली. डोलकाठीचे दोर तिने सगळे सोडून टाकले होते.

"ह्यो दोर असो बांधतत?" ती मालकांना रागावत होती. "पयल्या वाऱ्याक सुटात तो. हय बघा."

तिची बोटं झरझर चालत होती. मालक वाकून बघत होते. "आक्का, परत एकदा," ते म्हणाले. तिने गाठ सोडून परत मारली. वडील गेल्यापासून तिला इतकं बोलताना मी पाहिलं नव्हतं.

वैशाख आला. सोलापूरचा वैशाख म्हणजे पत्र्याच्या शेडमध्ये पाय ठेववत नाही. पण त्या शेडमध्ये गारवा होता. जहाजाच्या खालची जमीन ओलसर दिसायची. मालक पाणी शिंपत असतील, असं मी धरून चालले होते. एकदा आईने जहाजाच्या बाजूवरून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

"खारा आसा," ती म्हणाली.

"त्यांच्या हाताचा घाम असेल," मी म्हटलं. ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मीच नजर वळवली.

आता फक्त माणसं करायची उरली होती. मालक सागाच्या तुकड्यातून बोटाच्या दोन पेरांएवढी माणसं कोरत. दिवसातून एक, कधी दोन दिवसांत एक. कठड्याशी उभे राहिलेले, दोर ओढणारे, डोलकाठीवर चढलेला एक. चेहरे नीट नव्हते, चेहऱ्याइतकी जागाच नव्हती. पण उभं राहण्याची प्रत्येकाची ढब वेगळी होती. पाय कसे रोवलेत, खांदा कुठला उतरलाय, ते लांबूनही कळायचं.

श्रावणात एके दिवशी मी शाळेतून आले तर घरात चूल पेटलेली नव्हती. आई शेडच्या उंबऱ्यावर बसली होती. तिने जहाजाच्या मागच्या टोकाकडे बोट दाखवलं. सुकाणूवरचा माणूस त्या दिवशी बसवला होता. उजवा हात सुकाणूवर, आणि डावा हात कानामागे.

माझे वडील तसेच उभे राहत. लांबचं बघताना लोक डोळ्यांवर हात धरतात. ते कानामागे धरत. वारा दिसायच्या आधी ऐकू येतो, असं म्हणत. साऱ्या बंदरात तसं उभं राहणारा दुसरा कुणी नव्हता आणि पोरं त्यावरून त्यांची नक्कल करत.

"तूच सांगितलं असशील," मी आईला म्हटलं. माझा आवाज चढला होता. "दुपारभर बसून काय काय बोलतेस त्यांच्याशी, तुझं तुला तरी आठवतं का?"

"मी तेंका कायएक सांगूक नाय," आई म्हणाली. "तुझो बापूस असोच उभो रवायचो, ह्या मी तुझ्याशी तरी कधी बोललंय?"

मी तशीच मालकांपुढे जाऊन उभी राहिले. जे मनात साचलं होतं ते सगळं बोलले. बारा वर्षं उलटून गेली आहेत, शास्त्राप्रमाणे आता तिने विधी करून मोकळं व्हायला हवं, मी दर वर्षी तिला विनवते आहे, आणि तुम्ही तिला हा लाकडी नवरा करून देताय. एका म्हाताऱ्या बाईच्या दुःखाशी असा खेळ करू नका. तो माणूस काढून टाका.

मालकांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी केला न्हाय त्यो. त्यो तसाच हाय."

आत जाऊन त्यांनी एक वही आणली. सरकारी रजिस्टर खात्याकडे राहिलं होतं, पण घरी त्यांची स्वतःची वही होती आणि त्या दुपारची हकिकत त्यांनी त्याच संध्याकाळी तिच्यात सविस्तर उतरवून ठेवली होती. पानं पिवळी पडली होती, शाई तपकिरी झाली होती. जहाजावरच्या एकेका माणसाची एकेक ओळ. डोलकाठीवर एक, अंगात काही नाही. कठड्याशी म्हातारा, डोक्याला फडकं. मी बोटाने ओळी वाचत गेले. शेवटून दुसरी ओळ अशी होती: सुकाणूवर एक इसम, डावा हात कानामागे, आपल्याकडे बघत नाही.

पानाच्या वर साल आणि महिना होता. वडिलांचं गलबत ज्या कार्तिकात गेलं, त्याच्या पुढचाच मार्गशीर्ष.

मी वही मिटून परत दिली. पुन्हा त्या माणसाला काढून टाका म्हणाले नाही. दुसरी जागाही बघितली नाही. शाळेत फळ्यावर लिहिताना मधेच माझा हात थांबायचा आणि मुली एकमेकींकडे बघायच्या, एवढं आठवतं.

जहाज पुरं झालं तेव्हा कार्तिक लागला होता. मालकांनी आईला विचारलं, मला नाही. "आक्का, आता सोडायचं का?"

"सोडूकच व्हया," आई म्हणाली.

"हे घेऊन तुम्ही करणार तरी काय?" मी विचारलं.

"बाई, त्ये मोठं जहाज हाय ना, त्याला वाट गावत न्हाय. तळ्यात आलं कसं त्ये मला म्हाईत न्हाय, पर भायेर पडता येईना म्हणून हाका मारत व्हते लोक. मला पाण्यात जायचं कळत न्हाय. हे जाईल. सांडव्यातनं भायेर पडायची वाट हे दावील त्यांना."

रविवारी सकाळी बैलगाडीत गवताच्या गादीवर जहाज ठेवून आम्ही तिघं निघालो. त्या वर्षी पाऊस चांगला झाला होता. तलाव काठोकाठ भरून सांडव्यावरून पाणी वाहत होतं. मासे धरणारे दोन भोई आपला तराफा काठाला लावून बसले होते. बांधावरचा चौकीदार मालकांना ओळखत होता. तो हसत पुढे आला, पण जहाज बघून हसायचं विसरला.

आम्ही उभे होतो ती पश्चिमेची बाजू. वारा पूर्वेकडून, पाण्यावरून थेट आमच्या तोंडावर येत होता. अशा वाऱ्यात सोडलेली वस्तू दोन हातांवर जाऊन परत काठाला लागणार, हे तांडेलाच्या मुलीला कुणी सांगायला नको. मला जरा बरंच वाटलं. लागेल काठाला, उचलू, घरी नेऊ, आणि मग दोघांनाही नीट समजावू. मालकांनी मागे एक लांब सुतळी बांधून तिचं टोक आईच्या हातात दिलं होतं. मग गुडघाभर पाण्यात जाऊन त्यांनी जहाज अलगद सोडलं.

ते क्षणभर डुललं. शिडं फडफडली आणि फुगली. ती आमच्याकडे फुगली होती. आणि जहाज आमच्यापासून दूर चाललं होतं.

हे मी नीट लिहिते आहे, कारण पुढे कित्येकांनी मला त्यावरून उलटसुलट विचारलं. वारा माझ्या तोंडावर होता. पदर मागे उडत होता. शिडांची पोटं मला दिसत होती. आणि नाळ पलीकडे करून जहाज वाऱ्याच्या उलट, अजिबात न डगमगता, सरळ रेषेत जात होतं. भोई उठून उभे राहिले. सुतळी आईच्या हातातून सळसळत सुटत गेली आणि मग ताणली गेली. चार फुटांचं ते लाकूड, पण आईचे हात पुढे ओढले गेले.

"धर, सोडू नकोस!" मी ओरडले.

आईने माझ्याकडे बघितलं सुद्धा नाही. तिने दोन्ही मुठी उघडल्या.

मग मी काय केलं ते मला आठवत नाही. आई म्हणते, मी कमरेइतक्या पाण्यात गेले आणि "बाबा, बाबा" करून हाका मारल्या. मला एवढंच आठवतं की चौकीदाराने मला दंडाला धरून बाहेर काढलं आणि माझा घसा दुखत होता. मालक माझ्या शेजारी उभे होते. ते तळ्याकडे तोंड करून, हात वर करून, मोठमोठ्याने ओ देत होते. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. तेरा वर्षांपूर्वी द्यायची राहिलेली ओ.

सकाळचं ऊन पाण्यावर इतकं चमकत होतं की बघवेना. त्या चमकेत जहाज शिरलं. पलीकडून ते बाहेर आलं नाही.

भोयांनी दिवसभर तळं पालथं घातलं. दुसऱ्या दिवशीही. सांडव्याच्या खालचा ओढा मैलभर बघितला. तोफांनी जड झालेलं जहाज बुडालं असणार, असं इतिहासाचे शिक्षक म्हणाले, आणि मलाही तेच म्हणायचं होतं. पण पुढच्या वर्षी पाऊस झाला नाही. तलाव इतका आटला की मधला गाळ भेगाळून वर आला आणि लोकांनी त्यात कलिंगडं लावली. मी स्वतः तिथून चालत गेले. काही नव्हतं. तोफा पितळेच्या होत्या, त्या कुजायच्या नाहीत. एकही नव्हती.

जहाज गेलं त्या संध्याकाळी आम्ही गाडीतून परत आलो. घरी आल्यावर आईने पाय धुतले, चूल पेटवली, आणि भात उकळत असताना म्हणाली, "गावाक पत्र लिही. भटाक सांग, विधी करूचो आसा."

मी तिच्याकडे बघत राहिले. कपाळ पुसलेलं होतं. कधी पुसलं, तळ्यावर की घरी आल्यावर, ते मला कळलं नाही, आणि ती रडत होती, अगदी साधी, शेजारीपाजारी बायका रडतात तशी. मी तिला जवळ घेतलं. त्या रात्री आम्ही दोघी पहिल्यांदा वडिलांबद्दल बोललो.

माघात आम्ही गावी निघालो. मालकांनीही यावं, असा आईने हट्ट धरला. कुर्डुवाडीला गाडी बदलून मिरज, पुढे कोल्हापूर, मग मोटारीने घाट उतरून मालवण. वाटेत प्रत्येक नदीच्या पुलावर मालक खिडकीतून वाकून पाण्याचा अंदाज घेत होते. जहाज गेल्यापासून ते हलके झाले होते. शेड उघडी टाकून ते सरळ पाठ फिरवून बाहेर पडत. जाताना हौदाची पट्टी विणकराच्या बायकोकडे देऊन आले होते.

दर्भाची प्रतिमा करून विधी झाला. दुपारी गावजेवण झालं. सहा घरांतल्या बायका येऊन आईशेजारी बसल्या. संध्याकाळी आई म्हणाली, चला, मालकांना दर्या दाखवूया. तेरा वर्षांत तिने स्वतः तिकडे बघितलं नव्हतं.

आम्ही वाळूत बसलो. मालकांनी खाकी कोटाची बटणं लावून घेतली होती, साहेबापुढे जाताना लावावीत तशी. बराच वेळ ते लाटांकडे बघत होते. सूर्य खाली आला, तांबडा झाला आणि पाण्याला टेकला. तेव्हा ते एकदम ताठ झाले. इतकी वर्षं झुकलेली त्यांची पाठ मी पहिल्यांदा सरळ झालेली पाहिली.

"बाई, दर्या ह्या अंगाला?" ते म्हणाले. "मावळतीला?"

"हो. का?"

"आमचं पाणी हिकडं येत न्हाय की." त्यांचा आवाज बदलला होता. ते वाळूवर बोटाने रेघ काढू लागले. "सांडव्याचं पाणी आदिलेत. आदिलेचं सीनेत. सीनेचं भीमेत. भीमेचं कृष्णेत. आन् कृष्णा जाती उगवतीला. तिकडं दुसरा दर्या हाय म्हणत्यात. जल्मभर पाणी मोजलं आन् मला हे सुचलं न्हाय." त्यांचं बोट थांबलं. "हितली माणसं ती. घराकडं यायला वाट मागत व्हती. आन् मी त्यांना उलट्या दर्याला लावून दिलं."

समोर सूर्य अर्धा बुडाला होता. मालक तसेच ताठ बसून, वाळूतल्या त्या रेघेकडे बघत होते.

आई त्यांच्या पलीकडे बसली होती. ती समुद्राकडेच बघत होती.

"मालकांनु," ती म्हणाली, "थंय पण किनारो असतलोच मां."

लाट आली आणि आमच्या पायांपर्यंत येऊन मागे गेली. पुढची त्या रेघेवरून गेली. आई उठली, लुगड्याची वाळू झटकली आणि त्यांना आधाराला हात दिला.

"उठा आता," ती म्हणाली. "पाणी चढता."